नाही कळलं

तो पहिल्यांदा त्या खोलीत आला तो वाट चुकूनच. ग्रंथालयाच्या तळघरात ती आणि तिची मावशी फाटकी पुस्तकं शिवत-चिकटवत बसायच्या; तिथे वाचक कशाला फिरकतोय? याच्या हातात मधमाश्यांवरचं पुस्तक होतं, पानं लोंबणारी... आणि नजर मात्र तिच्या गोंद लागलेल्या बोटांवर.

"नीट होईल?"

"होईल. ठेवा आणि जा."

"जातो. पण दोन मिनिटं ऐकाल? नाहीतर विसरेन हो."

त्याची तऱ्हाच न्यारी होती. एक प्रकरण संपलं की पुस्तक मिटायचं, आपल्या शब्दांत कार्डावर टिपण काढायचं आणि ते पुस्तक न वाचलेल्या माणसाला सांगायचं. त्या माणसाला कळलं तर कार्ड डब्यात. नाही कळलं तर चूक सांगणाऱ्याची. कार्ड फाडून पुन्हा लिहायचं.

मधमाशी नाचून फुलांची दिशा कशी सांगते, ते त्यानं टेबलाभोवती स्वतः नाचून दाखवलं. तिला सगळं कळलं. तो निघायला वळला... आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "नाही बाई कळलं."

त्यानं कार्ड टर्रकन फाडलं. "मग उद्या पुन्हा येतो, गोंदबाई!"

आला. येतच राहिला. मधमाश्या झाल्या, समुद्रातले प्रवाह झाले, माणसाला झोप का लागते तेही झालं. दर वेळी तिचं उत्तर एकच, 'नाही कळलं.' 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. दिवसभर पाण्याचे नमुने तपासायची त्याची नोकरी, पण जीव अडकला होता नव्या विज्ञान केंद्रातल्या जागेवर. तिथे मुलांना समजावून सांगणारा माणूस हवा होता.

"अगं, मला एकदा ऐकून पाठ झालं," मावशी चष्म्यावरून बघत म्हणे, "तुझ्याच डोक्यात कसं शिरत नाही?"

ती खाली मान घालून गोंद ढवळत राही.

एके दिवशी तो रिकाम्या हातानं आला. "धरणावर बदली मागून घेतली. उद्या निघतो."

"आणि विज्ञान केंद्र?"

"अर्जच नाही केला. मुदत संपली." तो कसनुसा हसला. "एका माणसाला धड समजावता येत नाही मला. तिथे मुलांपुढे काय बोलणार? आणि... तुलाही माझा कंटाळा आला असेल."

ती उठली आणि बोलू लागली. मधमाशी, सूर्य, फुलांची दिशा... त्याच्याच शब्दांत, त्याच्यासारखीच मध्ये थांबत. टेबलाभोवती नाचलीसुद्धा, डोळे पुसत पुसत.

तो मटकन खाली बसला. "तुला कळत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग का गं—"

"कळलं म्हटलं असतं, तर तू पुन्हा आला नसतास." तिला हुंदका आवरेना. "मला तू आवडतोस रे. एवढंच सांगायचं होतं... आणि तेवढंच नाही सांगितलं."

त्यानं तिची चिकट बोटं हातात घेतली. "वेडे, नुसतं 'बस' म्हणाली असतीस, तरी बसलो असतो मी." पण बदलीच्या कागदावर त्याची सही होऊन गेली होती, आणि विज्ञान केंद्रात दुसरा कुणीतरी रुजू होणार होता.

तो गेला. दुसऱ्या दिवशी तिनं इतके दिवस तसंच ठेवलेलं मधमाश्यांचं पुस्तक शिवलं, कणा चिकटवला, वजनाखाली ठेवलं. हात रिकामे झाले तशी ती मावशीला सांगायला लागली, मधमाशी कशी नाचते ते. सांगून झालं.

मावशीनं सुई खाली ठेवली.

"नाही कळलं गं," ती म्हणाली. "पुन्हा सांग."