दाजींनी नाकारलेली डिस्क

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. असलं काही वाचून फिदीफिदी हसणाऱ्यांपैकी मीही होतो. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, माझ्याच दुकानात, आणि माझी सख्खी बहीण शेजारी बसलेली होती.

रात्रबित्र नव्हती. रविवार होता, दुपारचे तीन. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान पहिल्या मजल्यावर आहे. शेजारी शिंपी. रविवारी त्याची मशीन बंद असते, त्यामुळे जिन्यावरून मांजर गेलं तरी कळतं.

ताईने दाजींचा जुना कॉम्प्युटर आणला होता. दाजींना जाऊन दहा महिने झाले होते.

दाजी बसस्थानकावर घोषणा करायचे. अर्धं गाव त्यांच्या आवाजावर गाड्या पकडायचं. आणि आजार झाला तो नेमका घशाला. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज जाईल.

ऑपरेशनच्या आधी बारा दिवस दाजी याच कॉम्प्युटरसमोर बसले आणि लेकीसाठी बोलून ठेवलं. एकेचाळीस रेकॉर्डिंग. प्रत्येकाला नाव दिलेलं. ‘परीक्षेच्या आदल्या दिवशी’. ‘आईशी भांडण झाल्यावर’. ‘खूप रडू आलं तर’. एकाचं नाव ‘गृहपाठ केला नसेल तर गुपचूप हे ऐक’. भाची तेव्हा नऊ वर्षांची होती. मी गेल्यावरच ऐकायचं, अशी दाजींची अट होती.

त्यानंतर दाजी चार वर्षं जगले. बोलणं सगळं टेबलावर, बोटाच्या पेराने.

एक टक म्हणजे हो.

दोन म्हणजे नाही.

ते गेल्यावर रेकॉर्डिंग ऐकायची कोणाची छाती झाली नाही. मग एक दिवस भाची म्हणाली, “आई, मला बाबांचा आवाज आठवतच नाही गं. नुसती टकटक आठवते.” ताईने त्याच दिवशी कॉम्प्युटर लावला... तो सुरूच होईना.

“छोट्या, यांनी दुसरी कॉपी तुझ्याकडे ठेवायला दिली होती ना?” तिने मला फोनवर विचारलं.

“आहे ना,” मी म्हणालो.

खोटं बोललो.

दाजींनी खरंच एक बाहेरून लावायची डिस्क माझ्या हातात दिली होती. वर त्यांच्या अक्षरातला स्टिकर होता. पण एकदा एका गिऱ्हाईकाचं मशीन अडलं. दुरुस्तीसाठी डिस्क हवी होती आणि हाताशी तीच होती. म्हटलं, मूळ रेकॉर्डिंग ताईच्या घरी आहेच की! मी ती पुसली. जिच्यावरून बंद पडलेली मशीन सुरू करायची, अशी दुरुस्तीची डिस्क केली तिची. स्टिकरही खरवडून काढला. गोंदाचा डाग तेवढा राहिला. दुसऱ्यांना ‘दोन कॉप्या ठेवा’ म्हणून शहाणपण शिकवणारा मी!

म्हणजे आता दाजींचा आवाज कुठे असलाच, तर त्या जुन्या डब्यात होता. आतली डिस्क मरायला टेकलेली. काढून माझ्या मशीनला लावली, तर दिसेचना. तिच्या स्वतःच्या मशीनमध्ये मात्र दिसत होती. एकच मार्ग उरला. दुरुस्तीची डिस्क बाहेरून लावायची, कॉम्प्युटर तिच्यावरून सुरू करायचा आणि आतलं जे वाचेल ते काढून घ्यायचं.

रोजचं काम होतं. मी डिस्क लावली, बटण दाबलं.

टक टक.

काळा पडदा. ‘डिस्क सापडली नाही.’

जुन्या मशीनचे नखरे मला पाठ आहेत. पुढच्या खाचेतून काढून डिस्क मागच्या खाचेत लावली. सेटिंगमध्ये कोणत्या डिस्कवरून आधी सुरू व्हायचं याची यादी असते, तिथे तिला पहिला नंबर दिला. सेव्ह केलं. पुन्हा चालू केलं.

टक टक.

सेटिंग उघडलं... ती यादीत शेवटी गेली होती.

असं तीनदा झालं. मी वर आणायचो, ती खाली गेलेली असायची. केबल बदलली. तीच डिस्क माझ्या मशीनला लावली, तर पाच सेकंदांत सुरू! परत दाजींच्या मशीनला लावली...

टक टक.

“आतली डिस्क ठोके देतेय,” मी ताईला म्हणालो. ती खुर्चीतून पुढे झुकली होती.

मी आतल्या डिस्कची वायर काढली. बटण दाबलं.

टक टक.

आतल्या छोट्या स्पीकरची वायर उपटली.

टक टक.

आता माझ्या मानेवर घाम आला होता. पंखा चालू असून.

“ती बाहेरची काढ,” ताई म्हणाली. “आणि मग चालू कर.”

मी काढली. बटण दाबलं.

टक.

एकच.

पुन्हा लावली. दोन. काढली. एक. ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण ती घाबरली नव्हती. घाबरलो होतो मी. मी हात लांब करून भिंतीतला प्लगच काढला. मशीनचा पंखा घरघरत थांबला. दुकानात चिडीचूप शांतता.

ताईने पदर सावरला. नवरा समोर बसलाय, अशी बोलली.

“अहो... तुम्ही आहात का?”

मी मनात म्हणत होतो, काही वाजू नये. काही वाजू नये.

टक.

ताई हसली. रडतही होती. “किती उशीर लावलात हो. दहा महिने!”

मग तिने टेबलावरची माझी डिस्क उचलली, उलटी केली. गोंदाच्या डागावर अंगठा फिरवला. मी तिच्याकडे बघूच शकलो नाही.

“ताई, ऐक ना...”

“तू थांब.” तिने मला विचारलंच नाही. मशीनला विचारलं. “अहो, तुम्ही छोट्याला दिली होती, ती हीच का?”

टक.

“तुमचा आवाज आहे हिच्यात?”

खूप वेळ काहीच नाही. मला वाटलं, सुटलो.

टक...

...टक.

दुसरा ठोका इतका हळू होता, की मेलेल्या माणसाला सांगताना वाईट वाटत असावं असं मला वाटलं. माझ्यावर अजून दया करत होते दाजी. तेच मला सहन झालं नाही. मी सगळं ओकून टाकलं. कधी पुसली, कोणासाठी पुसली, फोनवर कसं बिनदिक्कत ‘आहे ना’ म्हणालो... सगळं.

ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “तिला आता काय सांगू मी?”

मी दुसऱ्या पेनड्राइव्हवर तीच दुरुस्तीची सिस्टिम टाकली. प्लग लावला, आतली डिस्क जोडली. या वेळी कॉम्प्युटर मुकाट्याने सुरू झाला. कसली आडकाठी नाही. आतल्या डिस्कवर एकेचाळीस नावं दिसली. मी पहिलंच उघडलं.

बाहेरून जोडलेल्या स्पीकरमधून श्वास ऐकू आला. खाकरणं. घोषणेआधी खाकरायचे दाजी, अगदी तसंच. मग एक शब्द...

“बाळा...”

आणि डिस्क थांबली. ती पुन्हा फिरली नाही. माझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेल्या कारागिरांना दाखवली. सगळ्यांनी हात टेकले. एक म्हणाला, “ही तर कित्येक महिन्यांपूर्वीच मेलेली आहे. हिच्यावरून एक अक्षरही वाचता आलं नसतं.”

मी त्याच्याशी वाद घातला नाही.

ताईने कॉम्प्युटर घरी नेला. डिस्क नसलेला रिकामा डबा. तो दाजींच्या टेबलावर आहे, प्लग न लावता. भाचीला तिने माझं नाव सांगितलेलं नाही. भाची अजूनही मला मेसेज करते, “मामा, झालं का रे?” मी लिहितो, “प्रयत्न चालू आहेत.”

मागच्या आठवड्यात धीर करून ताईला फोन केला. विचारलं, “दाजी... अजून बोलतात?”

“बोलतात की.”

“मग एकदा विचारशील? मला माफ केलं का ते?”

राग नव्हता तिच्या आवाजात. दमलेली होती.

“ते मी नाही विचारणार, छोट्या. तू ये आणि स्वतः विचार. लेकीसमोर विचार.”

घर चालत दहा मिनिटांवर आहे. मी अजून गेलेलो नाही.