कार्डासाठी वीज कोण मागणार?

"हलू नका! आहे तिथंच थांबा!"

शिवमला मी बोललेलं हे पहिलं वाक्य. अमरावती–अकोला एसटीत, बडनेरा मागं पडल्यावर. बिचारा एक पाय उचलून, वरच्या दांडीला लटकून तसाच उभा राहिला आणि मी त्याच्या पायाशी वाकून सीटखाली शोधत होते. सगळी बस बघत होती.

"साप हाय का?" त्यानं घाबरून विचारलं.

"मेमरी कार्ड आहे. नखाएवढं."

"मंग पाय खाली ठेवू का नको?"

कार्ड त्याच्याच चपलेच्या तळाला चिकटलेलं निघालं. त्यानं ते शर्टाला पुसलं, फुंकर मारली आणि माझ्या तळहातावर ठेवलं. बोट मात्र... जरा जास्तच वेळ तिथं राहिलं. उतरेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते आणि बाहेरचं काहीएक दिसत नव्हतं.

त्याच आठवड्यात हे ध्यान अकोल्याच्या जठारपेठेत, रहमतुल्ला चाचांच्या कारखान्यात, माझ्या समोरच्या टेबलावर येऊन बसलं! चाचांनी जन्मभर स्टॅबिलायझर बनवले. आता त्यांनी वावरात बसवायची पेटी काढली होती. त्या वर्षांत वऱ्हाडात पाऊस ऐन पेरणीला दडी मारायचा आणि कापूस फुटला की कोसळायचा. वर विम्याचे साहेब विचारायचे, तुमच्या शिवारात पाऊस पडल्याची नोंद कुठंय? ती नोंद आमची पेटी मेमरी कार्डावर ठेवणार होती. पेटीतला बोर्ड शिवमचा. त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालायची आणि कार्ड हाताळणारा ड्रायव्हर, म्हणजे तेवढ्या कामाचा प्रोग्राम, माझा.

"तुझा ड्रायव्हर लय हळू चालते वं प्रणाली. लायसन हाय का त्याच्यापाशी?"

"तुझ्या बोर्डावरचे रस्ते आधी नीट कर, मग बोल."

असं दिवसभर चालायचं. तो चहा आणायचा, माझ्या कपात साखर कमी हे त्याला न सांगता कळलं होतं. मी खूश होते आणि खूश आहे म्हणून घाबरलेली होते. अन् झालंही तसंच.

"मले पुण्याहून बोलावणं आलं," एका दुपारी तो म्हणाला. "शनिवारी सांगाचं हाय. चाचाची ऑर्डर आली तर इथं काम हाय... नाही तर..."

पुढचं त्यानं माझ्याकडे बघत सोडून दिलं. काहीतरी बोलायची माझी पाळी होती. आणि मी काय म्हणाले? "अच्छा." कपाळ माझं!

त्याच शनिवारी तेल्हाऱ्याचे शेतकरी पेटी पाहून ऑर्डर द्यायची की नाही ते ठरवणार होते. शुक्रवारी सकाळी शिवमनं पेटीत नवा बोर्ड बसवला. पेटी सुरू केली, कार्ड दिसलं, पहिली नोंद झाली आणि... कार्ड गायब. बंद करून पुन्हा लावलं. दिसलं, गायब! नवं कार्ड घातलं, तेच. टेबलावरचा जुना बोर्ड मात्र मजेत चालत होता. पेटी गेली की ऑर्डर गेली, ऑर्डर गेली की हा गेला.

"तुझा ड्रायव्हर," तो म्हणाला.

"तुझा बोर्ड! काय बदललंस यात? खरं सांग."

त्यानं कान खाजवला. "तूच म्हणाली होती ना, बॅटरी टिकत नाही म्हून घडीघडी वावरात जावं लागते, उन्हानं डोकं दुखते... मंग कार्डाच्या सप्लायवर रेग्युलेटर टाकला. काम असलं की चालू, नाही तर बंद. तुले सरप्राइज देणार होतो."

देवा! रडू की हसू? जुन्या बोर्डावर कार्डाला वीज थेट मिळायची, सदोदित. त्यामुळे माझ्या ड्रायव्हरनं ती कधी मागितलीच नव्हती. आणि लिनक्स म्हणजे काटकसरी सासूबाई. सुरू झालं की घरभर फिरून बघतं, कोणता रेग्युलेटर कुणी मागितलाय. ज्याला कुणी विचारलं नाही, तो बंद करून टाकतं. शिवमनं माझ्यासाठी केलं, मला सांगितलं नाही. मला माहीत नाही, म्हणून मी मागितलं नाही. आणि कार्ड मध्येच मरत होतं.

"अरे, बिन रोए तो माँ भी दूध नहीं पिलाती," दारातून चाचा म्हणाले. "मांग लो ना बेटा!"

मी लिहायला बसले. आधी, बोर्डावर काय काय आहे हे लिनक्सला सांगणाऱ्या फाइलीत कार्डाची आणि त्या रेग्युलेटरची गाठ घातली. मग ड्रायव्हरला शिकवलं: सुरुवातीलाच रेग्युलेटर माग, चालू कर, आणि कार्डाचं काम संपेपर्यंत सोडू नको. शिवम मीटर लावून खांद्याशी वाकला होता.

"तीन पॉइंट तीन व्होल्ट... हाय... अजून हाय..."

मला त्या आकड्याची भीती वाटत होती आणि त्याच्या श्वासाचीही. आकडा पडला नाही. कार्ड टिकलं.

शनिवारी शेतकऱ्यांना घेऊन तेल्हाऱ्याच्या लीलाबाई आल्या, त्यांच्या बचत गटाच्या पुढारी. आल्या तशा पेटीवरच्या पर्जन्यमापकात गडूभर पाणी ओतून मोकळ्या! "दाखव." नोंद बरोबर. त्यांनी स्वतः पेटी बंद केली, चालू केली, हाताची घडी घालून बसून राहिल्या. "आता?" नोंद जागेवर.

"जमलं बाप्पा. पाठवा पेट्या आमच्या गावाले."

चाचा बालूशाही आणायला धावले. मी शिवमला शोधत पायरीवर आले, तर तो वायर गुंडाळत बसलेला.

"ऑर्डर आली! आता राहशील ना?"

"म्या सकाळीच पुण्याले हो म्हटलं."

"का? ऑर्डर येईपर्यंत तरी..."

"ऑर्डरसाठी कोण थांबून राहिलं होतं?" तो वायरीकडे बघत म्हणाला. "तुले सांगतलं, तं तू अच्छा म्हणाली. मले वाटलं, इथं कोणाले मी नाही लागत."

चार वर्षं कॉलेजात घासूनपुसून केलेली माझी भाषा कुठं पळाली कोण जाणे, तोंडातून थेट माझ्या गावाची, चांदूर रेल्वेची बोली निघाली.

"मले लागते तू! नको जाऊ."

कारखान्यातली सगळी बडबड एकदम थांबली. मग लीलाबाईंचा आवाज आला, "अवं पोरी, जरा मोठ्यानं बोल. त्याले आयकू नाही आलं वाट्टे."

"मले तू पाहिजे, शिवम!" मी ओरडलेच. लाज गेली चुलीत.

त्याचे कान लाल झाले.

"अन् पुण्याले काय सांगू आता?"

"सांग, अकोल्यातून मागणी आली म्हणावं."

तो हसला. खिशातून फोन काढून त्यानं तिथंच पुण्याला लावला.