भिंतीतले एक नव्वद

त्या गावच्या जुन्या राटहाउसची, म्हणजे नगरभवनाची, मापं घ्यायला कौमुदी डार्मश्टाटहून आली तेव्हा बाहेर चांगलं लख्ख ऊन होतं. वर सभागृह, खाली तुरुंग. वर निवाडा झाला की माणसाला त्याच जिन्याने खाली ढकलायची सोय. अडीचशे वर्षांत इथल्या भिंती कुणी बांधल्या, कुणी बुजवल्या, हाच तिच्या पीएचडीचा विषय. आज संध्याकाळपर्यंत नकाशा जुळला नाही, तर फेलोशिप संपणार होती आणि पाठोपाठ जर्मनीतला मुक्कामही.

आणि नकाशा काही केल्या जुळेना. इमारत बाहेरून जेवढी लांब, त्यापेक्षा आतलं सगळं मिळून एक मीटर नव्वद कमी भरत होतं.

"शेवटच्या कोठडीत परत मोजते रे," ती नवऱ्याला म्हणाली. सहकारी आजारी, म्हणून बिचाऱ्या विलासने रजा टाकली होती. तो वही घेऊन बाहेरच्या बोळात उभा राहिला. रीत ठरलेली: एकाने आकडा सांगायचा, दुसऱ्याने तो परत म्हणायचा, मगच वहीत बरोबरची खूण.

कोठडीत ओल्या चुन्याचा वास होता.

"तीन बारा."

"तीन बारा."

"दोन चाळीस."

"दोन चाळीस."

त्याचा आवाज बसल्यासारखा वाटला. थंडी बाधली असेल, तिच्या मनात आलं. तेवढ्यात फोन थरथरला. विलासचा मेसेज होता: 'पार्कशाइन, गाडीचं पार्किंगचं तिकीट, संपलं होतं, गाडीपाशी आलोय. दहा मिनिटं झाली. तू थांब, आलोच.'



"विलास…?"

बोळात कुणी नव्हतं. मग समोरच्या भिंतीतून, अगदी हलकेच…

"लांबी… एक नव्वद."

ती बोळाकडे मागे सरकली. पण डोक्याने मेलं गणित केलंच. नकाशा जुळला होता.

"दार… नाही."

"उंची… एक अठ्ठावन्न."

तिच्या जर्मनीतल्या रहिवास परवान्यावर, उंचीच्या रकान्यात, हाच आकडा होता. भिंत उत्तराची वाट बघत होती. पुढे ती जिना कशी चढली, तिचं तिलाच ठाऊक नाही.

"अगं, काय झालं? पांढरीफटक पडलीयस!" विलास गाडीपाशीच होता.

"वही… वही दाखव."

त्याने खिशातून वही काढून उघडली आणि थबकला. "हे तू कधी लिहिलंस? वही तर माझ्याकडेच होती."

अक्षर कौमुदीचं होतं. तीन बारा, दोन चाळीस, एक नव्वद, दार नाही, एक अठ्ठावन्न. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण होती. शेवटच्या ओळीपुढेसुद्धा.

तो आकडा आपण परत म्हणालो होतो का, हे तिला काही केल्या आठवेना.