अरारच्या मुळाची पट्टी

वाऱ्याने ज्या क्षणी इद्दरच्या हातातून तो पुठ्ठा हिसकावून घेतला, त्या क्षणी त्याच्या मनात प्रेमाचा विचार लेशमात्रही नव्हता. त्याच्या मनात केवळ मिलिमीटर होते.

पुठ्ठ्यावर त्याने चार गोल भोके मोठ्या निगुतीने कापली होती. ती एका ओळीत आली आहेत की नाहीत, हे उजेडात धरून पाहावे म्हणून तो आपल्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानाच्या उंबऱ्यावर आला. आमच्या सवीरा गावचा समुद्रावरून येणारा वारा दुपारच्या नमाजानंतर आमच्या सुतारगल्लीत हटकून फेरी मारतो. परंतु इद्दर हा तारुदांतकडचा, इथे येऊन त्याला पुरते पाच महिनेही झाले नव्हते. पुठ्ठा उडाला, पुदिन्याच्या जुड्यांवरून गेला, समोरच्या तिसऱ्या दुकानात शिरला, आणि नुकताच सरस लावलेल्या एका पेटीच्या झाकणावर जाऊन घट्ट बसला.

ती पेटी बतूलच्या हातात होती.

इद्दर धापा टाकीत दारात उभा राहिला तेव्हा ती पुठ्ठ्याच्या एका भोकातून त्याच्याकडे पाहत होती.

"हे तुमचं?"

"हो... माफ करा. वारा..."

"वाऱ्याला दोष देऊ नका. तो इथलाच आहे, तुम्ही नवे आहात." तिने पातळ सुरीने पुठ्ठ्याची कड उचलली. "आणि ही चार भोकं कशाला? उंदीर पाळलेत का?"

इद्दरने कानाच्या पाळीपर्यंत लाल होत सांगितले की, ते फॅन कंट्रोलरचे माप आहे. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये चार पंखे असतात. त्यांचा वेग कमीजास्त करण्यासाठी समोर चार नॉब लागतात.

बतूलने सुरी खाली ठेवली. "म्हणजे आमच्या गावात वारा फुकट मिळतो, आणि तुम्ही त्याला चावी बसवता."

यावरचे उत्तर त्याला संध्याकाळी दुकान बंद करताना सुचले. पण तेव्हा समोरची फळी लागलेली होती.

आता हे काम कसे निघाले, ते सांगितले पाहिजे. लल्ला इत्तो या आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. डोंगरातल्या म्हाताऱ्या बायकांची जात्यावरची गाणी त्या आपल्या घरी बोलावून कॉम्प्युटरवर ध्वनिमुद्रित करतात. त्यांच्या कॉम्प्युटरचे कॅबिनेट अरार या आमच्याकडच्या सुवासिक झाडाच्या मुळाचे आहे. दहा वर्षांपूर्वी बतूलच्या वडिलांनी, मालेम बूजमा यांनी, स्वतःच्या हाताने केलेले. मालेम म्हणजे उस्ताद, आणि बूजमा हे खरोखरच उस्ताद. अरारच्या मुळाच्या गाठीत मधाच्या रंगावर काळसर डोळे उमटतात, आणि त्यांनी ते डोळे असे जुळवले की, कॅबिनेटच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत जणू एकच ओढा वाहत जातो.

परंतु आतल्या पंख्यांची घरघर गाण्यात उतरू लागली. म्हणून इद्दरने फॅन कंट्रोलर आणला, आणि त्याची दर्शनी बाजू निघाली काळ्याकुट्ट प्लास्टिकची. लल्ला इत्तोंनी तो कॅबिनेटला लावून पाहिला आणि म्हणाल्या की, नव्या नवरीचा पुढचा दात किडल्यासारखा दिसतो. लाकडाला जुळता करून मिळाला तरच तो घरात येईल. गुरुवारी त्यांच्याकडे नव्वदीची एक आजीबाई डोंगरातून येणार होती. तिचे गाणे पुन्हा कधी मिळेल याची खात्री तिची तीही देत नव्हती. तेव्हा गुरुवार हा शेवटचा दिवस ठरला.

दुसऱ्या दिवशी इद्दर कंट्रोलर घेऊन मालेमकडे गेला. मालेमनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि बतूलकडे सरकवला. बारीक काम आताशा तीच करी. वडिलांना जवळचे धूसर दिसू लागले होते.

पुढचे चार दिवस, प्रिय वाचक, त्या दोघांनी जेवढे लाकडाविषयी बोलणे केले तेवढे अन्य कशाविषयीही केले नाही. तथापि बोलणे लाकडाचे असले तरी नजरा लाकडावर नव्हत्या. कंट्रोलरच्या ज्या दांड्यांवर नॉब बसतात त्या आखूड, म्हणून दर्शनी बाजूची लाकडी पट्टी तीन मिलिमीटरहून जाड चालणार नाही, असे त्याने बजावले. एवढी पातळ गाठ दुसऱ्या दिवशी तडकेल, असे तिने ऐकवले. अखेर पट्टी जाडच ठेवायची आणि प्रत्येक भोकाभोवती मागच्या बाजूने वाटीसारखे खोलगट कोरायचे, हा तोडगा तिला सुचला. त्याने तो मान्य केला आणि वर अशी नजर टाकली की, तिला उगीचच भुसा फुंकावा लागला.

नॉब तिने लिंबोणीच्या लाकडाचे केले. लाकूड गोल कातण्याच्या, पायाने फिरवायच्या चरकावर बसून चारही एकसारखे उतरवले आणि प्रत्येकावर शिंपल्याचा एकेक ठिपका बसवला, म्हणजे नॉब कुठे फिरवला ते कळावे. कंट्रोलरचा दिवा निळा होता.

"हा काढा."

"का? छान दिसतो."

"औषधाच्या दुकानावर छान दिसतो. मधात निळं कोण घालतं?"

त्याने दिवा बदलला. पिवळसर, विस्तवाच्या रंगाचा बसवला. त्या दुपारी चहाच्या पेल्यात त्याच्यासाठी साखरेचा एक खडा अधिक पडला, आणि तो गोड चहा त्याने मुकाट्याने संपवला... त्याला कमी गोड लागतो, हे त्याने तिला आजतागायत सांगितलेले नाही.

सर्व झाले, पण मुख्य गोष्टच अडली. पट्टीचे लाकूड जुळेना. बतूलने अरारचे अकरा तुकडे काढून दाखवले. एकाचा रंग जुळे तर डोळे जुळेनात, दुसऱ्याचे डोळे जुळत तर धार उलटी वाहे.

"ज्या गाठीतून कॅबिनेट झालं," इद्दर म्हणाला, "तिचा अर्धा भाग कुठंतरी असणारच."

बतूलने नजर खाली घातली. "असेल कुठंतरी," ती म्हणाली, आणि बाराव्या तुकड्यासाठी उठली. मालेम करवतीला धार लावत राहिले.

मंगळवारी दुपारी बतूल भाकरीच्या कणकेची फळी डोक्यावर घेऊन गल्लीच्या भट्टीवर गेली होती आणि मालेम मशिदीत. इद्दर रिकाम्या दुकानात वाट पाहत उभा होता. त्याची दृष्टी कोपऱ्यातल्या कोनाड्याकडे गेली. तिथे जुन्या फडक्याआड काहीतरी होते, आणि फडक्याच्या फटीतून मधाच्या रंगाचा एक डोळा त्याच्याकडे पाहत होता. त्याने फडके बाजूला केले. तोच रंग, तीच धार, तेच डोळे! त्याचे भान हरपले. लल्ला इत्तोंचे कॅबिनेट मापासाठी त्याच्याच दुकानात आणलेले होते; क्षणभर जुळवून पाहावे आणि परत आणून ठेवावे, एवढाच त्याचा हेतू. कोण घेऊन गेले ते कळावे म्हणून त्याने मनगटावरचे घड्याळ काढून कोनाड्यात ठेवले, गाठ दोन्ही हातांत उचलली, आणि भर दुपारी साऱ्या गल्लीदेखत तो ती घेऊन गेला.

इथे वाचकांस आमच्या सुतारगल्लीची एक रीत सांगणे आवश्यक आहे. मालेमच्या घरी मुलगी जन्मली की, तो एक उत्तम गाठ फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवतो. तिच्या लग्नाची पेटी त्याच गाठीची होते. ती गाठ कोनाड्यातून उचलतो तो वर, आणि तिच्या जागी तो आपल्या अंगावरची एखादी वस्तू ठेवून जातो. बतूलच्या जन्माच्या वेळी आणलेल्या मुळाचे बूजमांनी दोन भाग केले होते. एकाचे पुढे लल्ला इत्तोंचे कॅबिनेट झाले. दुसरा चोवीस वर्षे कोनाड्यात होता.

गल्लीने काय समजायचे ते समजले. भट्टीवाल्या हमादने इद्दरला बडीशेप घातलेली भाकर दिली आणि त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ हलवला. वरच्या खिडकीतून बायकांनी जिभेने लांब किलकारी दिली. आज कुणाचे तरी लग्न ठरले असावे, अशी इद्दरने मनाशी समजूत करून घेतली, आणि भाकर खात खात तो लाकूड जुळवू लागला. जुळले. ओढ्याची धार कुठेही तुटत नव्हती. त्याने खडूने चार बोटे रुंदीची खूण केली.

तेवढ्यात बतूल आली. तिने पाठीमागे दार लोटून घेतले. एरवी ती तसे कधी करीत नसे.

मेजावर चारही पंखे जोडलेले होते आणि चाचणीसाठी पूर्ण वेगाने फिरत होते. त्यांच्या घरघरीत तिने त्याला रीत सांगितली. जशी मी वर सांगितली तशीच, फक्त थोडक्यात, आणि त्याच्या चेहऱ्याकडे न पाहता. इद्दरच्या हातातला खडू मोडला.

"मग मी आत्ता जाऊन परत ठेवतो. ह्या क्षणी."

"तुम्ही परत नेलंत, तर गल्ली म्हणेल, कारागिराने गाठ पाहिली, मुलगी पाहिली, आणि दोन्ही नापसंत केली." तिचा आवाज शांत होता, पण ओढणीचे टोक तिने मुठीत गच्च धरले होते. "बाबा मशिदीतून आलेत. घड्याळ त्यांनी पाहिलंय. एक शब्द बोलले नाहीत, पण मला चहात साखर घालायला सांगितलं आणि तो चहा प्यायलाच विसरले... तेव्हा ही मी नेते. मी नेली तर मी नाकारलं असं होतं. लोक चार दिवस म्हणतील, मुलगी शिष्ट आहे. ते मला झेपेल."

"आणि पुन्हा कुणी ही उचलायला आलं नाही तर?"

"तर बाबा तिची दुसरी काही वस्तू करतील." ती हसली, परंतु ते हसणे ओठांपर्यंत येता येता वाटेतच थांबले. "तुम्ही पट्टी बाराव्या तुकड्यातून काढा. जरा कमी जुळेल. लल्ला इत्तोंना मी समजावीन."

तिने गाठ उचलली. ती चोवीस वर्षांत तिने कधी उचललेली नव्हती; तिच्या कल्पनेपेक्षा ती जड निघाली. ती दाराकडे वळली.

इद्दर काहीतरी बोलला. पंख्यांच्या आवाजात तिला केवळ त्याचे ओठ हलताना दिसले.

ती थांबली. गाठ काखेत धरून ती मेजाशी परत आली आणि तिनेच केलेला पहिला नॉब हळूच डावीकडे फिरवला. एक पंखा मंदावला. तो पुन्हा बोलला. तिने मान हलवली, ऐकू येत नाही. दुसरा. तिसरा. चौथ्या नॉबवर दोघांचा हात एकदमच पडला. शिंपल्याचा ठिपका खाली सरकला, आणि दुकानात अशी शांतता झाली की, बाहेर वाऱ्याने दाराची कडी हलवलेली ऐकू आली.

"आता सांगा."

"मला माहीत नव्हतं."

"ते मला ठाऊक आहे. तेवढ्यासाठी चार पंखे बंद करवलेत?"

"नाही..." त्याने तिच्याकडे पाहिले. "माहीत असतं, तर धीर झाला नसता. दोन दिवस कोनाड्याशी येऊन परत गेलो असतो. कदाचित आठ दिवस. पण उचलली हीच असती."

बतूलने काखेतली गाठ दोन्ही हातांत घेतली.

"ही खाली ठेवा," तो म्हणाला, "जड आहे. आणि नेऊ नका."

तिने गाठ मेजावर ठेवली. ठेवताना ती इतकी सावकाश ठेवली की, लाकडाचा लाकडाला आवाज झाला नाही.

दार उघडले. उंबऱ्यावर मालेम बूजमा उभे होते, एका हातात बारीक करवत आणि दुसऱ्या हातात इद्दरचे घड्याळ. त्यांच्यामागे भट्टीवाला हमाद आणि बरीचशी गल्ली वाऱ्यात उभी होती, आणि प्रत्येक जण दुसरीकडेच पाहत असल्याचे भासवत होता.

"हे घड्याळ सात मिनिटं मागं आहे," मालेम म्हणाले.

"हो, मालेम."

"माझ्या घरी वेळेवर यावं लागतं."

"येईन, मालेम."

"तारुदांतला निरोप धाड. तुझी माणसं आली की, चहा घेऊ." त्यांनी गाठीवरून अंगठा फिरवला; डोळ्यांना जे दिसेना ते अंगठ्याला दिसत असावे. खडूच्या खुणेपाशी तो थांबला. "चार बोटं?"

"साडेतीन चालतील," इद्दर घाईने म्हणाला.

"चार घे. म्हातारीचं गाणं पुन्हा मिळायचं नाही." आणि त्यांनी करवत स्वतः न चालवता लेकीच्या हाती दिली.

गुरुवारी कंट्रोलर लल्ला इत्तोंच्या कॅबिनेटमध्ये बसला. तो नेमका कुठे बसवला आहे हे दाखवण्यासाठी दिवा लावावा लागला. आजीबाईंनी गाण्यापूर्वी आवाज कुठून येतो अशी चौकशी केली. बतूलने चारही ठिपके खाली वळवले, आणि आजीबाई म्हणाल्या, आता बरे.

हिवाळ्यात बतूलच्या लग्नाची पेटी पूर्ण झाली. तिच्या झाकणावर डोळ्यांचा ओढा वाहत येतो, आणि मध्येच चार बोटे तुटतो. तिथे बतूलने लिंबोणीची पांढरी पट्टी बसवली आहे. इद्दरने कितीदा तरी सुचवले की, शोधले तर जवळचे लाकूड मिळेल, तो स्वतः मराकेशपर्यंत जाऊन येईल.

"राहू दे तसंच," ती म्हणते. "कुणीतरी विचारतं, इथलं लाकूड कुठं गेलं? मग मला सांगायला मिळतं."