न्हाणीतून साठ फूट

पुसदमध्ये संघदीपला लोक 'कॅमेरेवाला' म्हणायचे, आणि त्याला ते मनातून फार आवडायचं. न्हाणी तुंबली की बाकीचे प्लंबर सब्बल-कुदळ घेऊन येत आणि अख्खी फरशी फोडून ठेवत. हा बाप्पा आपली नागपूरहून आणलेली पिवळी पेटी उघडायचा, केबलच्या टोकाचा अंगठ्याएवढा कॅमेरा पाइपात सोडायचा आणि स्क्रीनकडे बघत आरामात सांगायचा, "चौदा फुटावर नातवाचा चेंडू अडकून हाये, मावशी." माणसं तोंडात बोट घालायची. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की हा हसायचा. त्याच्या वडिलांनी घरात देवाला जागा ठेवली नव्हती, तिथं भुताला कुठून मिळणार?

बोंडअळीच्या त्या वर्षी, दिवाळी होऊन वीसेक दिवस झाले असतील, महागावकडच्या एका बंजारा तांड्यातून त्याला ओळखीच्या शामचा फोन आला. शाम पुण्यात कंपनीत कामाला, वडिलांसाठी गावी आलेला. त्याचे वडील गुलाबसिंग पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करताना औषध अंगात भिनून कोसळले होते. महिनाभर दवाखाना झाला. जीव वाचला, पण दोन्ही डोळे गेले.

"न्हाणीचं पाणी तुंबून राह्यलं," शाम म्हणाला, आणि मग त्याने आवाज खाली आणला. "अन् बा म्हणते, पाइपातून कापूस फुटल्याचा आवाज येते. दिवसभर तिथंच कान लावून बसते. मी उद्या त्याले पुण्याले नेऊन राह्यलो, तर ऐकत नाही. तू कॅमेरा टाक, अन् आत काही नाही म्हणून सांग त्याले. तुझं ऐकन तो."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला संघदीप पोचला. ऊन चांगलं वर आलं होतं. घर दोन खोल्यांचं, मागे अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात न्हाणी, तिच्याशेजारी खाटेवर गुलाबसिंग. घरामागूनच शेत सुरू होत होतं. पण शेत कसलं? अळीने खाल्लेल्या पऱ्हाटीवर शामने ट्रॅक्टर फिरवून घेतला होता आणि बांधापर्यंत नुसती काळी माती पडली होती. अंगणात भरलेली एक बॅग उभी होती. तिच्यावर गुलाबसिंगचा धुतलेला फेटा घडी करून ठेवलेला.

"या मातीबाहेर मी एक रात्र झोपलो नाही, बाबू," गुलाबसिंग त्याच्या पावलांच्या दिशेने म्हणाला. "दवाखान्यात झोपलो तेवढाच. हे मले चौथ्या माळ्यावर नेऊन ठेवतात. मी तिथं मरतो."

आपल्या एका वाक्यावर या माणसाची रवानगी ठरणार, हे संघदीपला मुळीच आवडलं नाही. पण खोटं तरी कसं बोलायचं? "काकाजी, जे दिसन ते सांगतो," तो म्हणाला. "ना एक शब्द कमी, ना जास्त."

आधी त्याने टेप लावून मोजलं. न्हाणीपासून मागच्या शोषखड्ड्यापर्यंत बत्तीस फूट, सरळ पाइप. शामने खड्ड्यावरचं झाकण सरकवलं आणि कॅमेरा बाहेर येताना दिसावा म्हणून तो तिथं उकिडवा बसला. संघदीपने कॅमेरा आत सोडला.

साबणाचा साका. केसांचा गुंता. सात फुटांवर गढूळ पाणी, त्यात फिरणारे भाताचे दोन-चार दाणे. अकरा फुटांवर पाणी संपलं आणि पाइप कोरडा लागला. संघदीप थांबला. अडथळा कुठंच नाही, मग पाणी तुंबतं कसं? त्याने केबल पुढे सरकवली. वीस. अठ्ठावीस. बत्तीस.

"दिसला का?" त्याने हाक दिली.

"नाही ना!" शाम ओरडला.

चाळीस. केबल हातातून अलगद, तेल लावल्यासारखी जात होती. त्याने पुन्हा टेप लावला. बत्तीसच. स्क्रीनवर पंचेचाळीस, मग पन्नास. पाइप फुटून केबल दुसरीकडे वळली असेल, असं त्याने स्वतःला बजावलं, आणि तेवढ्यात पाइपाच्या टोकाला उजेड दिसला.

कॅमेऱ्याचा दिवा असेल म्हणून त्याने बटण दाबून दिवा बंद केला. स्क्रीन काळी व्हायला हवी होती. ती आणखीच उजळली.

साठ फुटांवर केबल संपली. पाइपही संपला होता.

समोर पांढरंशुभ्र रान होतं. ओळीच्या ओळी, कमरेएवढी पऱ्हाटी, प्रत्येक झाडावर मूठ मूठ कापूस, एकाही बोंडाला अळीचं भोक नाही. वर निळं आभाळ. वारा सुटला असावा, कारण सगळं रान एका अंगाने हलत होतं. संघदीपच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि गंमत म्हणजे त्याला भीती वाटली नाही. इतकं देखणं शेत त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

"फुटला ना?" गुलाबसिंगने विचारलं.

"हाव, काकाजी," संघदीप म्हणाला. "कापूसच हाये."

शाम धावत आला आणि स्क्रीनपुढे बसला.

संघदीपने गुलाबसिंगची परीक्षा घेतली. "डाव्या हाताले काय हाये, सांगा बरं."

"पळस. दोन बुडखे, एक वाकडा."

स्क्रीनवर पळस होता. दोन बुंधे, एक वाकडा.

"तो पळस मी चौथीत असताना बानं तोडला," शाम पुटपुटला. "विहीर खंदली तवा."

दारातून शामची आई सोनीबाई सगळं ऐकत होती. ती पदर तोंडाशी धरून पुढे आली. "माह्याच हातून झालं," ती म्हणाली. पहिल्या वेचणीला शेतात जाऊन पऱ्हाटीची पूजा करायची, झाडांवर दहीभात शिंपडायचा, सीतादही म्हणतात ते तिने लग्न झाल्यापासून कधी चुकवलं नव्हतं. या वर्षी धनी दवाखान्यात, शेत अळीने खाल्लेलं. "वेचाले एक बोंड नव्हतं. मंग मी न्हाणीतच पूजा केली. दहीभात पाइपात सोडला. म्हणलं, पाणी जाते शेताकडं, हेही जाईन."

"याडी, असं कोणी करते का?" शाम म्हणाला, पण त्याच्या बोलण्यात राग उरला नव्हता.

रानात एक माणूस वेचत होता. पाठमोरा, कमरेला ओटी बांधलेली, दोन्ही हात भराभर चालत होते.

तो थांबला. वळला.

चाळिशीचा गुलाबसिंग. डोळे लख्ख उघडे.

तो झाडं बाजूला सारत कॅमेऱ्याकडे आला आणि वाकला. चेहऱ्याने स्क्रीन भरून गेली. तो बघत होता. कॅमेऱ्याकडे नाही, पलीकडे, अंगणात. त्याची नजर संघदीपवरून सरकली आणि शामवर येऊन थांबली.

शामने तोंडावर हात दाबून धरला होता. गालांवरून पाणी वाहत होतं. आवाज मात्र त्याने फुटू दिला नाही.

"शाम, रडून काहून राह्यला बेटा?"

आवाज गुलाबसिंगचा होता, अगदी जवळून आलेला.

"ते बॅग घरात ठेव. वेचणी व्हायची हाये अजून. मी कुठंच जात नाही."

संघदीपने मान वळवून खाटेकडे पाहिलं.

सोनीबाईने मघापासून पाण्याचा पेला नवऱ्याच्या तोंडाला लावून धरला होता. गुलाबसिंग डोळे मिटून, घोट घोट, सावकाश पाणी पीत होता.