बन्सीधरचं कवाड

तीस वर्षं काठावर पालथी पडलेली आजोबाची शिडाची नाव हरिओमनं दोन उन्हाळे खपून पुन्हा उभी केली, आणि हे तो भेटेल त्याला सांगितल्याशिवाय सोडत नसे. शीड मानवतच्या जिनिंगमधून आणलेल्या, कापसाच्या गाठींच्या जुन्या कापडाचं. फटींत कापूस आणि डांबर, स्वतःच्या हातानं ठासलेलं. तळाला मात्र सागवान काही परवडेना. मग धरणाचं पाणी आटल्यावर तो बुडालेल्या गावात गेला आणि आजोबाच्याच घराचं कवाड काढून आणलं. बाहेरची बाजू पाण्याकडं करून तळाला जडवलं. आतली कडी दोर बांधायला होईल म्हणून तशीच ठेवली.

त्याच्या आईला, तानुबाईला, ते काही रुचलं नव्हतं. धरणापायी गाव उठायला लागलं तेव्हा तिचा सासरा, बन्सीधर, हटून बसला होता. जाईन तर माझ्या नावेतूनच जाईन, म्हणायचा. नाव तेव्हा फुटकी होती. म्हातारा त्याच घरात वारला आणि महिन्याभरात घर पाण्याखाली गेलं.

टळटळीत दुपारी, सारं गाव काठावर जमलेलं असताना हरिओमनं शीड चढवलं. नाव अशी निघाली की त्याची छाती फुगली. तळ कोरडा ठणठणीत होता.

जुन्या गावाच्या वर आल्यावर वारा पडला. काठावरचा गलबला ऐकू येईना. बरीच वर्षं बंद असलेल्या घराचा कुबट वास आला... आणि पायाखाली कुणीतरी थाप मारली. सावकाश, तीनदा.

मासा असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. पुन्हा तीन थापा. कडी थरथरली.

"कोन हाय...?"

दार वाजल्यावर घरातल्या माणसाचा जातो तसा त्याचा हात गेला, आणि त्यानं कडी काढली.

नाव वीतभर खाली बसली. पाण्याचा एक थेंबही आत आला नाही. मग वारा सुटला.

नाव काठाला लागली तशा टाळ्या वाजल्या. हरिओमनं खाली उतरून सगळ्यांना कोरडा तळ दाखवला. कामाचा अभिमान होताच, तो भीतीपुढंही हटला नाही. एवढ्यात रिकामी नाव काठाकडं कलली आणि वीतभर वर आली.

तानुबाईनं डोक्यावरून पदर ओढला. सासरा गेल्यापासून तिनं तो कधी असा घेतला नव्हता. वाट सोडून ती वाकली.

"चला मामंजी," ती हळूच म्हणाली, "नवं घर दावते."

ती पुढं निघाली. दर दहा पावलांवर थांबत होती, मागून म्हातारं माणूस येत असल्यावर थांबावं तशी.