नवलटिप्या गप्प झाला

रानपिंगळा भरदिवसा शिकार करतो. घुबडांच्या खानदानात हे काही शोभत नाही, पण त्याला त्याची फिकीर नाही. कोवळ्या उन्हात सागाच्या उघड्या शेंड्यावर बसून तो ऐटीत शेपटी झटकत राहतो आणि मग एकाएकी, कसलाही आवाज न करता, खाली झेपावतो. मुठीत मावेल की काय असा हा जीव आणि त्याचा हा तोरा! हे उडणे समजून घेण्यासाठी पक्षिगती संशोधन संस्थेने सातपुड्यात एक प्रयोगशाळा थाटली होती. प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याची शेड, दोन संगणक आणि चहाचा स्टोव्ह.

शेडच्या खालच्या उतारावर, पिंगळ्याच्या ढोलीसमोर, डॉ. चारुता परचुरे यांनी बनवलेले यंत्र उभे होते. कागदोपत्री त्याचे नाव ‘अनपेक्षित-क्षण-ग्राहक’. हे नाव एका दमात म्हणता येत नाही म्हणून त्यांचे मदतनीस दिगंबर वानखडे यांनी त्याचे ‘नवलटिप्या’ करून टाकले होते. दिगंबरकाका अमरावतीचे. पक्ष्यांचे फोटो काढण्यात त्यांचे उभे आयुष्य गेलेले, त्यामुळे पहिल्याच दिवशी त्यांनी यंत्रावर नाक मुरडले होते.

“माझा कॅमेरा डोळ्याचं पातं लवते तेवढ्यात शंभर फोटो काढते, मॅडम. मग हे काहून?”

“त्या शंभरांतले नव्व्याण्णव सारखेच असतात ना, काका? माझं यंत्र पिंगळ्याकडे सतत बघत असतं आणि पुढच्या क्षणी त्याचा पंख कुठे असेल याचा अंदाज बांधत असतं. अंदाज खरा ठरला तर ते चित्र टाकून देतं. चुकला तरच ठेवतं. आणि चुकलं की त्यातून शिकतं.”

“म्हणजे नवल वाटलं तरच टिपते.”

“अगदी तसंच.”

आणि नवलटिप्याने काय काय टिपले होते! हवेत उलटा झालेला, नख्या आभाळाकडे रोखलेला पिंगळा. एक पंख मिटून कुशीवर वळलेला पिंगळा. धड पुढे जाते आहे आणि तोंड पार मागे, असा पिंगळा. प्रत्येक चित्रात ते दोन पिवळे डोळे थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत. देशोदेशीच्या तज्ज्ञांनी त्या डोळ्यांचे गोडवे गायले होते. दिगंबरकाकांनी तर उलट्या पिंगळ्याचे चित्र मोठे करून शेडच्या भिंतीवर लावले होते आणि रोज सकाळी ते त्याला रामराम करत.

पण गेले काही दिवस नवलटिप्या गप्प होता. पिंगळा उडत होता, सरडे पकडत होता, आणि पडद्यावर एकही चित्र येत नव्हते. आज संस्थेचे संचालक ओगले येणार होते. पिंगळ्याचे नवे काही दिसले नाही तर प्रकल्प गुंडाळायचा, असे त्यांनी आधीच कळवले होते. चारुताची तरुणपणातली सगळी वर्षे या यंत्रात गेली होती. तिने भिंग तपासले, वीज तपासली, सगळी गणिते तपासली. कुठेच काही बिघडलेले नव्हते.

“मी एक टाळी वाजवतो न,” दिगंबरकाका चहा ओतत म्हणाले. “गर्रकन फिरते तो. फोटोच फोटो!”

चारुता हसली, आणि हसता हसता थांबली.

“काका, टाळी वाजली की तो बघेल कुठे?”

“आपल्याकडे. अजून कुठे पाहील?”

तिने जुनी चित्रे एकामागून एक पडद्यावर आणली. प्रत्येकात डोळे भिंगाकडे.

“तो आपल्याकडे कुतूहलाने बघतो असं वाटत होतं मला. तो दचकत होता, काका. आपण तिपाई हलवली, कुणी खोकलं, नवी पेटी आणून ठेवली. आपलं नवल त्याला वाटलं, आणि त्याचं यंत्राला.”

दिगंबरकाका भिंतीवरच्या चित्राकडे बघत राहिले. “त्या दिवशी मले शिंक आली होती,” ते हळूच म्हणाले. “अरे बाप्पा. मी भ्यालेल्या पाखराले रामराम करून राहिलो होतो.”

“आता त्याला आपली सवय झालीय. तो दचकत नाही, म्हणून यंत्राचे अंदाज चुकत नाहीत. यंत्र ठणठणीत आहे. ते गप्प आहे, कारण पिंगळ्याने आपल्याला आपलं म्हटलंय.”

“पण मग आता साहेब येतीन,” काका म्हणाले. “नवा माणूस, नवी चाल. पिंगळा असा दचकंल की मशीन थांबायचीच नाही. साहेब खूश, तुमचा प्रकल्प पक्का.”

हे चारुतालाही कळले होते. काही करायचे नव्हते, फक्त गप्प बसायचे होते. तिला मोह झाला, आणि चांगलाच झाला.

“तुम्ही खाली यंत्रापाशी रोजच्या जागेवर जाऊन बसा,” अखेर ती म्हणाली. “रोजच्यासारखेच. साहेबांना मी इथेच थांबवते.”

ओगले आले ते थेट उताराच्या वाटेलाच लागले. चारुता त्यांच्या आडवी आली.

“सर, खाली जाऊ नका.”

“यंत्र फोटो काढत नाही आणि मी पक्षीही बघायचा नाही? मग मी आलो कशाला?”

तिने त्यांना आत बसवले आणि सगळे सांगितले, शिंकेसकट. काहीही लपवले नाही. ओगल्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि चष्मा पुसला.

“परचुरे, तर्क बिनतोड आहे. पण ‘काहीच घडलं नाही, हेच आमचं यश’ असं मी समितीला सांगू? हसतील मला. सॉरी, हे आपल्याला थांबवावं लागेल.”

चारुताला रडू आले. ते लपवायला तिने मान वळवली, आणि नेमक्या त्याच वेळी पडद्यावर चित्र उमटले.

पिंगळा जमिनीला टेकण्याच्या बेतात होता. दोन्ही पंख डोक्यावर उभे, पिसे शेवटच्या टोकापर्यंत उलगडलेली, पाय पुढे फेकलेले. असा उतरताना त्याला आजवर कुणी पाहिले नव्हते. आणि चित्राच्या कडेला, त्याच्यापासून जेमतेम हातभर अंतरावर, दिगंबरकाकांचा धुळीने माखलेला बूट.

“हाही दचकलेलाच दिसतो,” ओगले म्हणाले.

“माणसाच्या इतक्या जवळ तो कधी येतच नाही, असं यंत्र शिकलं होतं. म्हणून त्याला नवल वाटलं.” चारुताने चित्र मोठे केले. “डोळे बघा, सर.”

डोळे बुटाशेजारच्या सरड्यावर होते. भिंगाकडे नाही, काकांकडे नाही. त्या जंगलात माणूस नावाचे काही आहे याची त्या डोळ्यांत दखलसुद्धा नव्हती.

ओगले पडद्याजवळ जाऊन त्या डोळ्यांवर वाकले. मग त्यांनी बाहेर डोकावून ड्रायव्हरला गाडीचे इंजिन बंद करायला सांगितले, आणि परत येऊन खुर्चीत बसले.

“त्याला तुमची सवय व्हायला किती दिवस लागले?”

“दोन-अडीच महिने, सर.”

“मग माझी इथे तेवढे दिवस राहायची सोय करा,” ओगले म्हणाले. “त्याने माझ्याकडे असंच दुर्लक्ष केलेलं मला बघायचंय.”